परीक्षकांची पार्श्वभूमी आणि वास्तुस्पर्धेचा न्याय : गुरुकुंज मोझरीच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेले गुरुकुंज मोझरी हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे कर्मस्थान होय. १९३५ मध्ये त्यांनी येथे आश्रमाची स्थापना केली आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी येथेच त्यांचे निर्वाण झाले. त्यांच्या ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त ‘ग्रामशुद्धी’ आणि ‘ग्रामआरोग्य’ यांच्या सोबतीने ‘ग्रामनिर्माण कला’ असा स्वतंत्र अध्याय आहे. गाव वसविणे व घडविणे ही केवळ सोय नसून कला आहे, आणि कला आहे म्हणूनच तिला पारखणारी दृष्टीही हवी, असा या शीर्षकाचा अर्थ लावता येतो.

संतांच्या स्मृतिस्थळांसाठी व तीर्थक्षेत्रांसाठी गेल्या काही दशकांत शासकीय विकास आराखडे तयार होऊ लागले. मोझरीसाठीही असा आराखडा झाला. सभागृहे, भक्तनिवास, स्मारके, प्रवेशद्वारे अशा वास्तूंवर सार्वजनिक पैसा खर्च होतो. अशा कामांसाठी खुली स्पर्धा घ्यावी ही मागणी योग्यच आहे. कारण स्पर्धेमुळे ओळखीपाळखीला आळा बसतो आणि नव्या वास्तुविशारदाला संधी मिळते. तथापि स्पर्धेविषयीची चर्चा बहुधा बक्षिसाची रक्कम, प्रवेशिकांची संख्या आणि विजेत्याचे नाव यांवरच थांबते. निकाल देणारे कोण होते, त्यांचे शिक्षण व व्यवसाय कोणता होता आणि त्यामुळे त्यांना आराखड्यात काय दिसले व काय दिसले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष स्पर्धांच्या आधारे याच प्रश्नाचा विचार केला आहे.

नियम काय सांगतात :

वास्तुरचना व नगररचनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी युनेस्कोने १९५६ मध्ये शिफारशी केल्या व १९७८ मध्ये त्या सुधारून घेतल्या. त्यांनुसार परीक्षक मंडळ शक्य तितके लहान असावे, सदस्यांची संख्या विषम असावी व ती सातपेक्षा अधिक नसावी. मंडळात बहुमत स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या वास्तुविशारदांचे, नगररचनाकारांचे किंवा संबंधित तज्ज्ञांचे असावे आणि सर्व सदस्य सर्व बैठकांना उपस्थित असावेत, अशी अपेक्षा आहे. भारतात वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेनेही स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत.

या नियमांमागील तर्क स्पष्ट आहे. नकाशा, छेद आणि उभार वाचता येणे ही शिकून मिळणारी विद्या आहे. ज्याला ती येत नाही तो रंगीत चित्रालाच इमारत समजतो. म्हणून तज्ज्ञांचे बहुमत हा न्यायाचा किमान पाया होय. परंतु नियम येथेच थांबतात. बहुमत तज्ज्ञांचे असावे हे ते सांगतात. ते तज्ज्ञ एकमेकांहून कितपत वेगळे असावेत याविषयी फारसे बोलत नाहीत. स्पर्धांच्या इतिहासातील यशापयशाचा बराचसा उलगडा या राहून गेलेल्या भागात होतो.

एकाच व्यवसायाचे मंडळ : सिडनीचा धडा

ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाऊसची स्पर्धा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. २३३ प्रवेशिकांतून जानेवारी १९५७ मध्ये डेन्मार्कच्या यॉर्न उट्झन यांची निवड झाली. परीक्षक चार होते : हेन्री इंगहॅम अ‍ॅशवर्थ, कॉबडेन पार्क्स, लेस्ली मार्टिन आणि एरो सारिनेन. अ‍ॅशवर्थ वास्तुकलेचे प्राध्यापक होते, पार्क्स हे राज्य सरकारचे वास्तुविशारद होते, मार्टिन इंग्लंडमधील ख्यातनाम वास्तुविशारद होते, तर सारिनेन अमेरिकेत व्यवसाय करीत होते. म्हणजे चौघेही वास्तुविशारद. संरचना अभियंता, नाट्यगृह चालविणारा किंवा संगीतकार यांपैकी कोणीही मत देणाऱ्यांत नव्हता.

बाजूला टाकलेल्या प्रवेशिकांतून सारिनेन यांनी उट्झन यांचे रेखाटन पुन्हा वर काढले, अशी कथा सांगितली जाते. तिच्या खरेखोटेपणाविषयी वाद आहे. पण त्या काळात सारिनेन स्वतः काँक्रीटच्या पातळ कवचांच्या छतांवर काम करीत होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. न्यूयॉर्कच्या विमानतळावरील त्यांचे टीडब्ल्यूए टर्मिनल त्याच शोधाचे फळ आहे. शिडांसारख्या छतांच्या त्या अपुऱ्या रेखाटनातील शक्यता ओळखण्याची नजर त्यांना स्वतःच्या कामातून आली होती, असे म्हणता येईल.

या पार्श्वभूमीचा लाभ आणि तोटा दोन्ही जगाने पाहिले. मंडळाच्या अहवालात ही योजना काटकसरीची ठरविण्यात आली होती. प्रत्यक्षात ती छते कोणत्या भूमितीने बांधावीत याचे उत्तर सापडण्यास काही वर्षे लागली. १९६६ मध्ये उट्झन यांनी काम सोडले. १९७३ मध्ये इमारत खुली झाली तेव्हा सुमारे ७० लाख डॉलरच्या मूळ अंदाजाच्या जागी १० कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाला होता. आज ती वास्तू जागतिक वारसा आहे. म्हणून परीक्षक चुकले असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र ‘ही उभी कशी राहील?’ हा प्रश्न निकालापूर्वी आग्रहाने विचारणारा माणूस मंडळात नव्हता, आणि त्याचे मोल एका श्रीमंत राज्याला सोडतीतून पैसा उभारून चुकवावे लागले. जिल्हा परिषदेला किंवा एखाद्या आश्रमाला तशी मुभा नसते.

देश अनेक, घराणे एक : दिल्लीची स्पर्धा

नवी दिल्लीतील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. १९४ प्रवेशिकांतून अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात शिकविणारे राल्फ लर्नर विजयी झाले. परीक्षक मंडळातील वास्तुविशारदांत अच्युत कानविंदे, बाळकृष्ण दोशी, जपानचे फुमिहिको माकी आणि ब्रिटनचे जेम्स स्टर्लिंग यांचा समावेश होता.

मराठी वाचकाला या नावांत विशेष जिव्हाळा वाटावा. कानविंदे कोकणातील आचऱ्याचे, तर दोशी यांचा जन्म पुण्याचा; दोघांचेही शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात झाले. पुढे कानविंदे हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकले आणि दोशी यांनी ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केले. माकी यांचे शिक्षणही हार्वर्डमध्ये झाले. या मंडळींच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही पारपत्रे वेगवेगळी असली तरी विद्येचे घराणे बरेचसे एकच होते, हे लक्षात घ्यावे लागते. आधुनिक वास्तुकलेच्या पाश्चात्त्य विद्यापीठांतून व कार्यशाळांतून घडलेली ही नजर होती. अनेक देशांतील नावे एकत्र आली की मंडळ आपोआप बहुरंगी होते, असा समज आयोजकांत आढळतो. संगीतात एकाच घराण्याचे चार गायक चार गावांतून आणले म्हणून मैफलीत चार घराणी ऐकू येत नाहीत; येथेही तसेच आहे. लर्नर यांच्या त्या योजनेचा मोठा भाग पुढे बांधलाच गेला नाही. त्याची कारणे अनेक असतील, पण बांधकाम टप्प्याटप्प्याने आणि सरकारी निधीच्या गतीने होणार असताना अपुरी राहिलेली इमारत कशी दिसेल व कशी चालेल, हा प्रश्न कोणत्याही परीक्षकाने विचारावा असाच होता.

वापरणारा मंडळात असतो तेव्हा : रुपयाचे चिन्ह

इमारतीऐवजी चिन्हाची स्पर्धा घेतली तर वेगळे चित्र दिसते. भारत सरकारने २००९ मध्ये रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. आलेल्या ३,३३१ संकल्पनांतून पाच अंतिम फेरीसाठी निवडण्यात आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांच्या चिन्हाला मान्यता दिली. परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष रिझर्व्ह बँकेच्या तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर उषा थोरात होत्या. मंडळात बँक व शासनाच्या प्रतिनिधींसह कला व अभिकल्पाच्या नामवंत संस्थांचे तज्ज्ञ होते.

येथे नोटा काढणारी संस्थाच परीक्षकाच्या आसनावर होती. चिन्ह सुंदर असावे हे कलासंस्थेचा तज्ज्ञ पाहणार. ते हिशेबाच्या वहीत हाताने लिहिता यावे, लहान आकारात ओळखता यावे, दुसऱ्या चलनाशी गोंधळ होऊ नये हे बँकेचा माणूस पाहणार. विजेत्याची पार्श्वभूमीही बोलकी आहे. उदयकुमार यांनी प्रथम वास्तुकलेची पदवी घेतली आणि नंतर मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात दृश्य संवादाचे शिक्षण घेतले. देवनागरी ‘र’, त्यावरील शिरोरेषा आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे चिन्ह अशा दुहेरी शिक्षणातून आले, यात नवल नाही.

तरीही ही स्पर्धा वादातून सुटली नाही. निवडीच्या प्रक्रियेला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. २०१३ मध्ये ती याचिका फेटाळली गेली आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने अशा सार्वजनिक स्पर्धांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. मंडळाची रचना समतोल असली तरी निवडीची कारणे व टप्पे लोकांसमोर आले नाहीत तर शंका उरतेच, हे यातून दिसून येते.

निकालाला किंमत नसते तेव्हा : दुसरी अमरावती

वऱ्हाडातील अमरावतीचे नाव धारण करणारे दुसरे शहर आंध्र प्रदेशात आहे. राज्याच्या विभाजनानंतर तेथे नव्या राजधानीचा घाट घातला गेला. शासकीय संकुलाच्या स्पर्धेत माकी, रिचर्ड रॉजर्स आणि बाळकृष्ण दोशी यांच्या कार्यालयांत अंतिम चुरस होती. १९८६ मध्ये दिल्लीत परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेले दोन वास्तुविशारद तीस वर्षांनी स्पर्धक म्हणून समोरासमोर आले, हा योग लक्षणीय आहे. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते पुण्यात स्थायिक झालेले वास्तुविशारद व नगररचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात विकास अभ्यासाची संस्था सुरू केली होती. म्हणजे इमारतीबरोबर वस्ती, पाणी आणि गरिबांचे घर यांचाही विचार करणारा हा माणूस होता.

मार्च २०१६ मध्ये माकी यांची निवड जाहीर झाली. त्यांच्या योजनेतील उंच शंकूंची औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांशी तुलना करून थट्टा झाली. त्याच वर्षी सरकारने ती निवड बाजूला सारली आणि पुढे नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाकडे काम गेले. माकी यांच्या कार्यालयाने प्रक्रियेच्या पारदर्शकतेविषयी जाहीर तक्रार केली.

या प्रकरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, परीक्षकांची पार्श्वभूमी कितीही भक्कम असली तरी आयोजक निकालाला बांधील नसेल तर स्पर्धा ही केवळ शोभेची ठरते. दोन, त्या शहरात राहणाऱ्यांना धुराडी दिसतील हे निकालापूर्वी सांगणारे कोणी असते, तर कदाचित तो आक्षेप मंडळाच्या चर्चेतच तपासला गेला असता. लोकांची नजर आत घेतली नाही तर ती बाहेरून येते. आणि बाहेरून येताना ती बहुधा उपहासाच्या रूपात येते.

वेगळी नजर, वेगळा निवाडा : चोपडा तालुका

वऱ्हाडाच्या शेजारी खानदेशात, जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहानसे कुष्ठरुग्णालय आहे. पेर क्रिस्तियान ब्रिनिल्ड्सेन आणि यान ओलाव येन्सेन या दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी ते १९८५ मध्ये पूर्ण केले. स्थानिक दगडाच्या भिंती, कमानदार छतांवर फुटक्या चकचकीत फरशांचे तुकडे आणि मध्ये भिंतींनी वेढलेले अंगण इतकीच त्याची सामग्री. १९९८ मध्ये या वास्तूला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याच फेरीत चार्ल्स कोरिया यांचे भोपाळचे विधानभवन आणि इंदूरच्या झोपडपट्ट्यांत सांडपाण्याचे जाळे उभारण्याचा अभियंता हिमांशू पारीख यांचा प्रकल्प यांचाही गौरव झाला.

हा पुरस्कार आराखड्याला दिला जात नाही, तो बांधून वापरात असलेल्या कामाला दिला जातो, हा भेद येथे नोंदविला पाहिजे. पण परीक्षक मंडळाच्या रचनेतून शिकण्यासारखे बरेच आहे. त्या वर्षीच्या मंडळात झाहा हदीद, अराता इसोझाकी, रोमी खोसला यांच्यासारख्या वास्तुविशारदांबरोबर इस्लामी विचाराचे अभ्यासक मोहम्मद अर्कून आणि साहित्यसमीक्षक फ्रेडरिक जेमसन बसले होते. शिवाय या पुरस्काराच्या पद्धतीनुसार निवडलेल्या प्रत्येक कामाची तज्ज्ञ जागेवर जाऊन पाहणी करतात आणि वापरणाऱ्यांशी बोलून अहवाल देतात. गटार आणि विधानभवन एकाच यादीत यावे, हे केवळ वास्तुविशारदांच्या मंडळाकडून घडणे कठीण होते. समाजातून बाहेर काढलेल्या रुग्णाला दगडी अंगणात मिळणारा आडोसा आणि मान पाहण्यासाठी नकाशा वाचण्याच्या विद्येला माणूस वाचण्याच्या विद्येची जोड लागते. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारलेले तपोवन पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गुरुकुंज मोझरीसाठी परीक्षक कोण :

आता हेच निकष मोझरीला लावून पाहणे उचित ठरेल. दरवर्षी राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. लाखोंचा जनसमुदाय त्या क्षणी स्तब्ध उभा असतो. सामुदायिक प्रार्थनेत मूर्ती नसते, अधिष्ठान असते. म्हणजे या स्थळाच्या केंद्रस्थानी डोळे दिपविणारी वस्तू नाही; एक मोकळी जागा आणि एक शांतता आहे. स्पर्धेच्या फलकावर उंच कमान, कारंजी आणि दिव्यांची रोषणाई सहज उठून दिसते. मोकळी जागा मात्र कागदावर रिकामी दिसते. जो परीक्षक त्या मौनाच्या वेळी तेथे उभा राहिलेला नाही, तो त्या रिकामेपणाला गुण देण्याऐवजी त्यासाठी गुण कापण्याचीच शक्यता अधिक.

दुसरी बाब जमिनीची. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. काचेच्या दर्शनी भिंतीची इमारत येथे विजेच्या बिलावर जगते. या गोष्टी गावच्या गवंड्याला आणि बांधकाम विभागातील अनुभवी अभियंत्याला तोंडपाठ असतात, तर दूरच्या महानगरातून आलेल्या नामवंताला त्या सांगाव्या लागतात. तिसरी बाब देखभालीची. उद्घाटनानंतर इमारत झाडणारे, पाणी भरणारे, महोत्सवात हजारोंना जेवू घालणारे सेवक हे तिचे खरे धनी. त्यांना विचारल्याशिवाय स्वयंपाकघर कोठे असावे हे ठरविणे म्हणजे बैलाला न पाहता जू करण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. परीक्षक मंडळात सामान्य लोक घेतले तर भडक व लोकप्रिय आराखडा निवडला जाईल आणि तज्ज्ञतेचा अवमान होईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्थानिक पुढाऱ्याला ‘लोकप्रतिनिधी’ म्हणून बसविले की पुढचे सारे त्याच्या कलाने चालते, याचीही उदाहरणे कमी नाहीत. परंतु युनेस्कोच्या शिफारशींतील तज्ज्ञांचे बहुमत कायम ठेवूनही मार्ग निघतो. सात जणांच्या मंडळात चार वास्तुविशारद वा नगररचनाकार असावेत. मात्र ते एकाच शिक्षणसंस्थेतून वा कार्यालयातून आलेले नसावेत आणि त्यांपैकी किमान एकाने वऱ्हाडात प्रत्यक्ष बांधकाम केलेले असावे. उरलेल्या तिघांत संरचनेचा अभियंता, ग्रामजीवनाचा किंवा संतसाहित्याचा अभ्यासक आणि आश्रमातील कार्यकर्ता असावा. गवंडी, सुतार, स्वयंपाकी यांचे म्हणणे मतदानाच्या वेळी ऐकण्याऐवजी स्पर्धेची अपेक्षापत्रिका तयार करतानाच घ्यावे. कारण जो प्रश्न तेथे लिहिलेला नसतो त्याचे उत्तर कोणताही स्पर्धक देत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की परीक्षकाची पार्श्वभूमी म्हणजे त्याच्या नावापुढील पदव्यांची यादी नव्हे. कोणता प्रश्न त्याला आपोआप सुचतो आणि कोणता सुचत नाही, हीच त्याची खरी पार्श्वभूमी. सिडनीत सौंदर्य ओळखणारे होते, भार मोजणारा नव्हता. दिल्लीत देश अनेक होते, दृष्टीचे घराणे बरेचसे एक होते. रुपयाच्या चिन्हाच्या वेळी वापरणारा आत होता, पण कारणे बाहेर आली नाहीत. आंध्रच्या अमरावतीत मंडळ होते, पण त्याच्या शब्दाला वजन नव्हते. चोपड्याच्या रुग्णालयाला न्याय मिळाला, कारण पाहणारे अनेक विद्यांचे होते आणि कोणीतरी तेथवर चालत गेले होते.

म्हणून कोणत्याही सार्वजनिक वास्तुस्पर्धेच्या जाहिरातीत बक्षिसाच्या रकमेआधी परीक्षकांची नावे, त्यांचा व्यवसाय आणि त्यांनी बांधलेली किंवा अभ्यासलेली कामे छापली जावीत; निवडलेल्या आराखड्यांची जागेवर पडताळणी व्हावी; सहमतीबरोबर मतभेदही नोंदविणारा अहवाल प्रसिद्ध व्हावा आणि आयोजकाने निकाल पाळण्याची लेखी हमी द्यावी. या चार गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या नाकारल्या गेल्या तर मोझरीसारख्या ठिकाणी उभी राहणारी वास्तू कागदावर कितीही देखणी असली, तरी तिच्या अंगणात लाखो माणसांना दोन मिनिटे शांत उभे राहता येईल की नाही, हे उद्घाटनानंतरच कळेल. आणि तोवर पाया भरून गेलेला असेल.